शुभाचं ‘माहीत नाही’

शुभा,

तुझ्या शोकसभेत तुझ्या आहाराची चौकशी झाली. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस, म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो. मॉन्ट्रियलचा तो कम्युनिटी हॉल, आत ज्योत पेटवायला बंदी, म्हणून तुझ्या फोटोसमोर बॅटरीवरच्या पणत्या. चहाच्या रांगेत दोन काकूंनी मला गाठलं.

“तुम्ही तिच्याबरोबर रिसर्च करायचात ना? मग तुम्हाला ठाऊकच असेल. बाहेरचं फार खायची का हो ती?”

“बाहेरचं कुठलं, स्ट्रेस गं,” दुसरी म्हणाली. “एकटीने मुलगी वाढवायची, वर हे काम. बॉडी तरी किती टॉलरेट करणार?”

आयुष्यभर तू त्या मॉन्ट्रियल बेटावरच्या माणसांना काय खाता, किती खाता, कशात शिजवता हे विचारत हिंडलीस, आणि शेवटी लोकांनी तुझीच मुलाखत घेतली, तीही तुझ्या पाठीमागे. मी म्हटलं, “काकू, ती तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं खायची.” त्यांना उत्तर आवडलं नाही. मला प्रश्न आवडला नव्हता, त्यामुळे मी चहा घेतला आणि तिथून सटकलो.

मी सभेत बोललो नाही. तुझ्या इराने विचारलं होतं, पण आधीच्या वक्त्यांनी ‘कॅन्सरशी झुंज’, ‘लढवय्यी शुभा’ असं सुरू केल्यावर माझं डोकं फिरलं. या शब्दांवर तू किती चिडायचीस! “लढली म्हणे. मग जे गेले ते काय कमी लढले?” हे तू मला निदान शंभरदा ऐकवलं असशील. उठून तेच बोललो असतो तर सभेचा विचका झाला असता. म्हणून गप्प बसलो आणि आता वॉटर्लूला घरी येऊन तुला लिहितोय. इथे मला मध्येच तोडायला तूही नाहीस.

आपलं काम काय होतं, हे नातेवाइकांना सांगताना आपण दोघंही दमायचो. माझी नागपूरची आत्या शेवटपर्यंत समजत होती की तू ऑपरेशनं करतेस. तू एपिडेमिऑलॉजिस्ट, म्हणजे रोग एका माणसात न बघता हजारो माणसांत शोधणारी डॉक्टर, आणि मी तुझा आकडेवाला. मॉन्ट्रियल हे बेट आहे हे तिथे राहणारेही विसरलेले असतात. एखादा पूल दुरुस्तीला बंद झाला आणि तास-दीड तास गाडीत अडकले की तेवढ्यापुरतं आठवतं. तू मात्र कधी विसरली नाहीस. हैतीची माणसं, व्हिएतनामची, मोरोक्कोची, ग्रीक, इटालियन, तमिळ, पंजाबी आणि त्यात आपली मूठभर मराठी. “पाणी तेच, थंडी तीच, हॉस्पिटलं तीच, अवि. फक्त स्वयंपाकघरं वेगळी. कुणाला कुठला कॅन्सर जास्त होतो, कुणाला कमी, हे शोधायला यापेक्षा चांगली जागा जगात सापडणार नाही.” नोकरीच्या पहिल्याच दिवशी तू हे इतक्या खात्रीने सांगितलंस, की माझं पगाराचं विचारायचं राहून गेलं.

आणि ती तुझी भांडी! लोकांना ‘किती कप भात खाता’ असं विचारायचं, अशी रीत होती. कप म्हणजे इथला मापाचा कप. तू पहिल्याच मीटिंगमध्ये टेबलावर तीन वाट्या मांडल्यास, आमटीची, भाजीची आणि तुपाची, आणि विचारलंस की यातला कप कुठला. मग प्रत्येक समाजाच्या दुकानात जाऊन त्यांची रोजची भांडी आणलीस. व्हिएतनामी बोल, मोरोक्कोचं मातीचं ताट, हैतीच्या बाईकडे भात वाढायचा तो खोल डाव. ती सगळी एका चाकाच्या बॅगेत घालून तू बसमधून घरोघर जायचीस. बर्फात बॅगेचं चाक रुतलं की आतून खणखणाट व्हायचा आणि अख्खी बस वळून बघायची. मी तुला भांडेवाली म्हणायचो, तू मला सांगायचीस की भांडेवाली निदान दारात तरी जाते, तुझ्यासारखी खुर्चीला चिकटून बसत नाही. शेवटी मलाही घेऊन जायला लागलीस. तोपर्यंत मला वाटायचं, माझे आकडे कॉम्प्युटरमध्येच जन्माला येतात. त्याबद्दल तुझे आभार मी कधी मानले नाहीत, आता मानतो.

उपवासाचा घोटाळा मात्र इराला अजून कुणी सांगितलेला नाही, तो मी सांगणार आहे. तुला लाज वाटली तरी चालेल. मराठी बायकांच्या मुलाखती आपण मुद्दाम एकादशीच्या दुसऱ्या दिवशी ठेवल्या होत्या, कारण एकादशीला त्या भेटायला तयार नव्हत्या. प्रश्न साधा होता, काल दिवसभरात काय खाल्लं? सगळ्यांचं उत्तर एकच, “काही नाही, काल उपवास होता.” आपली नर्स मिरेय, हैतीची, कामाला पक्की; तिने सांगितलं तसं लिहून घेतलं. माझ्याकडे रकाने कोरे आले. मीही ते शांतपणे पुढे नेले. आठवड्याने मिरेय माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“मों दिय, अवि,” ती फ्रेंचमध्ये देवाचा धावा करत म्हणाली, “तुझ्या या बायका जगतात कशावर? काही न खाता तिसऱ्या मजल्यापर्यंत ग्रोसरी चढवतात!”

तू शेजारीच होतीस. आधी तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे. मग तू खुर्चीवरून उठून सरळ जमिनीवर बसलीस आणि हसत सुटलीस. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, बटाट्याचा चिवडा, वर राजगिऱ्याचे लाडू! आपण दोघं मराठी, दोघं आईच्या हातची खिचडी खाऊन वाढलेले, आणि आपल्याला कळू नये? कळलं नाही, कारण आपल्या हिशेबी ते खाणं नव्हतंच, तो फराळ. आणि कहर म्हणजे चाचणी म्हणून तू स्वतःची मुलाखत दिली होतीस, त्यातही तो दिवस कोरा होता. त्या दिवशी माझ्याच डब्यातली खिचडी तू दोनदा घेतली होतीस, बाई! मग आपण सगळ्यांना पुन्हा फोन केले, उपवासाला काय काय घेतलं म्हणून. बायका इतक्या खुलून बोलल्या की फोन ठेवता ठेवेनात. एकीने तर मिरेयला साबुदाणा किती वेळ भिजवायचा ते समजावलं, आणि मिरेय पुढे कितीतरी वर्षं स्वतः करून डब्यात आणायची. तिची खिचडी गोळा व्हायची, पण तुझ्यासमोर तसं म्हणायची माझी टाप नव्हती.

कामातली आपली भांडणं सगळ्या मजल्याला पाठ होती. माझं म्हणणं, लहान गट एकत्र करू, मराठी, तमिळ, व्हिएतनामी सगळे ‘इतर’मध्ये घालू, म्हणजे आकड्यांना बळ येईल. तुझं म्हणणं, इतर नावाचं स्वयंपाकघर तू मला दाखव, मग घाल. त्यात मी बऱ्याचदा जिंकलो, कारण थोड्या माणसांवरून मोठी विधानं करता येत नाहीत, हे तुलाही मान्य करावं लागायचं. पण तू चिडून चहा करायला निघून जायचीस आणि माझ्यासाठी करायची नाहीस. एवढी सांगलीची, पण चहाच्या बाबतीत कमालीची कंजूष.

खरं भांडण ते नव्हतं. खरं भांडण नलिनीकाकूंच्या घरून निघाल्यावर सुरू झालं आणि ते अजून संपलेलं नाही. त्याबद्दलच मला आज बोलायचंय.

काकू पार्क एक्स्टेन्शनच्या वस्तीत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. स्तनाचं ऑपरेशन होऊन गेलेलं. आपली मुलाखत झाली, भांडी झाली, त्यांनी चिवडा दिला, तू बॅग आवरायला घेतलीस. तेव्हा पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, “तू एवढी डॉक्टर आहेस. एक सांगशील का गं? माझं काय चुकलं?”

तू बॅग ठेवलीस. त्यांच्या शेजारी जाऊन बसलीस. त्यांचा हात हातात घेतलास आणि म्हणालीस, “काकू, आम्हाला माहीत नाही.”

त्यांचा चेहरा पडला, शुभा. मी समोरच होतो. गाडीत बसल्याबरोबर मी सुरू झालो. ‘तुमचं काही चुकलं नाही’, एवढं म्हणायला काय जात होतं तुझं? म्हातारीला रात्री झोप लागली असती. तू गाडी चालू केलीस, काचेवरचा बर्फ वितळायची वाट बघत बसलीस आणि मला सुनावलंस.

“आज मी ‘तुमचं काही चुकलं नाही’ म्हणाले, की उद्या दुसऱ्या कुणाला ‘तुमचं चुकलं’ म्हणायला मोकळी झाले. निर्दोष सोडायचा अधिकार घेतला की दोषी धरायचाही येतो. मला दोन्ही नकोत. आपले आकडे हजारो बायकांचे आहेत, अवि. ही एक बाई का आजारी पडली, ते त्यात नाही. कधीच असणार नाही.”

“पण तिने आकडे विचारले नव्हते!”

“मग काय विचारलं होतं?”

“धीर मागितला होता.”

“मी हात धरला होता,” तू म्हणालीस.

पण मला पटलं नाही. पुढे कितीतरी घरांत हा प्रश्न आला, वेगवेगळ्या भाषांत, कधी तरुण मुलीकडून, कधी एखाद्या नवऱ्याकडून. तुझं उत्तर तेच, शेजारी बसून, हात धरून, माहीत नाही. आणि गाडीत आपलं भांडण तेच. मी वॉटर्लूला नोकरी घेतली तेव्हाही ते संपलं नाही, फोनवर चालू राहिलं. तू म्हणायचीस, आकड्यांत एवढा काटेकोर असलेला माणूस माणसांसमोर आला की थापा मारायला कसा काय तयार होतो. मी म्हणायचो, कुणाची जखम शिवताना मी दशांश चिन्हं मोजत नाही. आपण दोघंही स्वतःवर भलतेच खूश असायचो, हेही खरं.

मग तुझाच फोन आला. ऑक्टोबरमधला थँक्सगिव्हिंगचा वीकेंड होता, मी घरी टर्की न करता वांग्याचं भरीत करत होतो. “अवि, आजपर्यंत मी छेदात होते,” तू म्हणालीस. “आता अंशात आले.” मला कळायला दोन सेकंद लागले. छेद म्हणजे सगळी लोकसंख्या, अंश म्हणजे त्यात रोग झालेले. स्वादुपिंडाचा, पसरलेला. बातमी द्यायची ही तुझी रीत! मी तुला शिव्या घातल्या, आणि तू ऐकून घेतल्यास. त्यानंतर तू तासभर इराबद्दल बोललीस, स्वतःबद्दल अवाक्षर काढलं नाहीस.

हिवाळ्यात मी जमेल तसा येत राहिलो. एका दुपारी हॉस्पिटलात तू खिडकीकडे तोंड करून पडली होतीस. बाहेर बर्फ पडत होता. मला वाटलं झोप लागली. आणि तू हळूच विचारलंस, “कशाने झालं असेल रे, अवि?”

तू विचारलंस. तू! मग मला वाटलं, तुझ्यासमोर तुझंच शास्त्र मोडायचं म्हणजे तुझा अपमान. म्हणून खुर्ची पुढे ओढली, तुझा हात धरला आणि अगदी तुझ्या पद्धतीने म्हणालो, “माहीत नाही, शुभा.”

“बरोब्बर,” तू म्हणालीस आणि बर्फाचा चुरा मागितलास. मी नर्सकडून आणून चमच्याने भरवला. तू इकडचं तिकडचं बोलत राहिलीस.

त्या ‘बरोब्बर’चा मी तेव्हापासून विचार करतोय. विद्यार्थ्याला मार्क द्यावेत तसं तू ते म्हणालीस खरं, पण तोंड खिडकीकडेच ठेवलंस. तुला खरंच ते उत्तर हवं होतं, की एकदा, फक्त एकदा, कुणीतरी ‘तुझं काही चुकलं नाही गं’ असं म्हणावं असं वाटत होतं? मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस. मला तुझी फार आठवण येते, शुभा, आणि सगळ्यात जास्त त्या दुपारची येते.

आता इराचं सांगतो, कारण हे पत्र त्यासाठीच आहे.

ती परत वॉटर्लूला, युनिव्हर्सिटीत आली आहे. क्लासेस सुरू केलेत, जेवते आहे, माझ्याकडे रविवारी येते. मागच्या रविवारी सकाळी एवढा बर्फ पडला होता की आधी ड्राइव्हवे शोव्हल करणं भाग होतं. तिने दुसरं फावडं घेतलं. अर्धं झाल्यावर ती थांबली.

“अवि काका, कॅन आय आस्क यू समथिंग? ॲज अ स्टॅटिस्टिशियन, नॉट ॲज काका.”

“विचार.”

“आईला समरपासून पोटात दुखत होतं. शी न्यू. पण ऑगस्टमध्ये माझं मूव्हिंग होतं. बेड, डेस्क, विंटर जॅकेट, सगळं करत बसली. मला म्हणाली, तुला सेटल करते, मग डॉक्टरकडे जाते.” तिने फावडं बर्फात रोवलं. “जर मी तेव्हा तिला जायला लावलं असतं, वुड शी बी हिअर?”

शुभा, मला सगळं ठाऊक होतं. एका माणसाबद्दल हे सांगता येत नाही, हे ठाऊक होतं. दोन महिन्यांनी काय फरक पडतो, पडला असता की नसता, त्याचं खरं उत्तर ‘कदाचित नाही, पण सांगता येत नाही’ असं आहे, हेही ठाऊक होतं. तू तिच्याजवळ बर्फात बसली असतीस, हात धरला असतास आणि ‘माहीत नाही’ म्हणाली असतीस. एकोणीस वर्षांची पोर ते उत्तर घेऊन हॉस्टेलवर गेली असती. आणि जन्मभर ते बेड आणि डेस्क बघत बसली असती.

“नाही,” मी म्हणालो. “काहीही फरक पडला नसता.”

“हाऊ डू यू नो?”

“माझं कामच ते आहे.”

“आर यू शुअर?”

“शंभर टक्के.”

शंभर टक्के! उभ्या आयुष्यात हा आकडा मी कुठल्याही कागदावर लिहिलेला नाही. पंच्याण्णवच्या पुढे मी कधी गेलो नाही आणि विद्यार्थी गेले तर त्यांना वर्गात उभं केलंय. इरा माझ्याकडे बघत राहिली, थेट तुझ्यासारखी, डोळे बारीक करून, मी थाप मारतोय का ते तपासत. मी नजर हलवली नाही. मग तिने फावडं टाकलं आणि मला घट्ट धरून रडली, त्या शोकसभेत रडली नव्हती इतकं. आम्ही आत गेलो. तिने पोहे खाल्ले, मागून घेतले आणि सोफ्यावर झोपली, ती थेट दुपारपर्यंत. मी उरलेला ड्राइव्हवे एकट्याने साफ केला.

तू काय म्हणशील ते मला तोंडपाठ आहे. निर्दोष सोडायचा अधिकार तुला कुणी दिला? कुणी नाही, मी घेतला. उद्या कुणाला दोषी ठरवशील का? नाही, ठरवणार नाही. तुझ्या मुद्द्यातली फट ही आहे आणि ती मला इतक्या वर्षांनी सापडली. सोडायचं सगळ्यांना, धरायचं कुणालाच नाही, असंही वागता येतं. शास्त्रात हे बसत नाही, कबूल. पुढच्या पेपरात मी पुन्हा तुझ्याइतकाच कडक असेन, मराठी, तमिळ, व्हिएतनामी सगळे वेगवेगळे ठेवीन, ‘इतर’ काढून टाकीन, आकड्यांना बळ कमी पडलं तर पडलं. तिथे तू जिंकलीस, घे. पण इराने उद्या पुन्हा विचारलं, तर मी पुन्हा शंभर टक्केच म्हणणार. तिला मूल झालं आणि तिने तेव्हा विचारलं, तरी तेच म्हणणार.

आणि त्या दुपारी खिडकीकडे बघत तू मला जे विचारलंस, त्याचं उत्तर मी आज बदलतोय. तुझं काही चुकलं नाही, शुभा. काहीही नाही. मला माहीत आहे.

पटत नसेल, तर ये आणि भांड.